कझान बघायचं राहिलं

— बस गं, जागा आहे की. ती टोपली सरकव तिकडे, आणि चटईवर पाय नको देऊस, कालचे जर्दाळू अजून ओले आहेत, एक दिवस ऊन कमी पडलं की लगेच बुरशी धरते. हं. काय म्हणालीस, गोड वाटतं? कशाचं गोड — आत्ता जाताना मास्तर मला नावानं हाक मारून गेले, त्याचं? 'इनोयत, मी तिकीट घेऊन येतो' — एवढंच तर म्हणाले. तुला गोड वाटलं. तुझ्या सासूलाही गोडच वाटतं, सोदिकाला, मला ठाऊक आहे, तंदुरापाशी चार जणी जमल्या की हाच विषय — म्हातारा इस्तंबूलला काय जाऊन आला आणि साठीच्या बायकोला नव्या नवरीसारखं नावानं बोलवायला लागला, परदेशाची हवा लागली. हसतात. हसू देत बापड्या. तू ताश्कंदची, तुमच्याकडे नवरा-बायको नावानंच बोलतात म्हणे, तुझा तोहिर तुला भर गल्लीत 'नफोसत' करून ओरडतो, तेव्हा सोदिकाच्या कपाळाला आठी पडते ती बघितलीस ना? पण थांब, एक पोर होऊ दे. मग त्या पोराच्या नावानंच हाक मारील तो तुला. आमच्या कोकंदला तसंच, पहिलं मूल झालं की बाईचं नाव संपलं. मला एल्योर झाला, चाळीस दिवस झाले, मी पाळण्यापाशी बसलेली, आणि हे अंगणातून म्हणतात, 'एल्योर, चहा टाक' — मला वाटलं, एवढ्याशा जिवाला चहा टाकायला सांगतात की काय. हसले मी. तेव्हापासून मी एल्योर. आणि हे एल्योरचे बाबा. यांचं नाव होशिम, ते मी आजवर तोंडानं — बघ, घेतलंच. तुझ्यासमोर घेतलं. जाऊ दे, वय झालं आता.

चहा घे. पियाला अर्धाच भरते, म्हणजे पुन्हा मागशील, बसशील जरा. आणि दाखव ती यादी. तोहिरनं केलीय? नाही, अक्षर तुझंच दिसतंय, पुरुष एवढं नेटकं लिहीत नाहीत. राजवाडा, निळी मशीद, मोठा बाजार, मनोरा, फेरीबोट — फेरीबोट कशाला — नाही नाही, असू दे, खोडू नकोस, सगळे बसतात, तुम्हीही बसा. मलाच विचारायला आलीस ते बरोबर आहे, एवढं हिंडलेलं मोहल्ल्यात दुसरं कोण आहे? सहा वर्षांत चार शहरं. मॉस्को, पीटर्सबर्ग, सोल, इस्तंबूल. मास्तरांनी चहाखान्यात जाहीरच केलं होतं — पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, सगळं जग काठीनं दाखवलं, आता जाऊन डोळ्यांनी बघून येतो. लोकांना ते वाक्य काय आवडलं. अजून सांगतात एकमेकांना. आणि खरं म्हणजे मास्तरांनी तोवर ताश्कंदच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. हॉटेलातून निघण्याआधी होकायंत्र काढायचे, खिडकीत उभं राहून उत्तर शोधायचे, मग नकाशाची घडी उलगडायची, मग ती परत नीट घालता यायची नाही — रोज. उत्तर सापडायची गं, हॉटेल सापडायचं नाही. पीटर्सबर्गला एका पुलावरून आम्ही चार वेळा गेलो, चौथ्या वेळी तिथला चित्रं विकणारा माणूस टोपी काढून वाकला आम्हाला.

तुला कामाचं सांगते. नवे बूट घालू नकोस. बायका परदेशी जायचं म्हणून नवे बूट घेतात आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलातल्या बादलीत पाय बुडवून बसतात, मी बसले आहे, मला माहीत आहे. नान वाळवून ने, पंधरा दिवस टिकतो, तिथला पाव म्हणजे कापूस. थर्मास ने. रांगेत दोघांनी एकदम उभं राहायचं नाही, एकानं बसायचं, एकानं उभं राहायचं. राजवाडे सगळे सारखेच असतात, एक बघितलास की पुरे — सोन्याच्या खुर्च्या आणि बसायची सोय नाही. दिवसभर चालायचं, चालून चालून असा एक थकवा येतो ना, झोपेनं न जाणारा, तो हाडात जाऊन बसतो. माझा अजून गेला नाही. तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही तरणीताठी माणसं, तुम्ही खरंच बघायला चाललात.

खरंच म्हणजे — काही नाही. तो अल्बम घे, तिथे उशीखाली आहे, फोटो बघ, म्हणजे कळेल काय काय आहे. हां, ते मॉस्को. ते कांद्यासारखे घुमट. एका चिनी मुलीनं काढला तो फोटो, फार गोड मुलगी. काय? आम्ही कुठे बघतोय म्हणजे? — काय डोळे आहेत गं तुझे. तुझी सासू हा अल्बम चारदा चाळून गेली, तिला घुमट दिसले, आम्ही दिसलो नाही. ऊन होतं गं डोळ्यांवर म्हणून हे डावीकडे बघतायत. आणि मी उजवीकडे — हो, उजवीकडेही ऊन असतं कधी कधी. उलट पान. हे पीटर्सबर्ग. इथेही तसंच — इथे पाऊस होता, ऊन नव्हतं, बरोबर आहे तुझं. एकाही फोटोत आम्ही दोघं समोर बघत नाही. ठेव तो अल्बम. ठेव म्हणते ना.

बरं. कोणाला बोलणार नाहीस ना? सोदिकाला नाही, तोहिरला पण नाही. पोटात राहत नसेल तर आत्ताच ऊठ. — एल्योरला शोधत होतो आम्ही. लोकांना सांगतो ना, मुलगा मॉस्कोला आहे, सुतारकामात बरं चाललंय, फोन येतो आठवड्याला — काही फोनबिन येत नाही. आठ वर्षं झाली. बावीसचा असताना गेला, तीन वर्षं फोन आले, माझ्याच फोनवर यायचे, घरात तेव्हा तेवढा एकच होता, आणि मग बंद. एक वर्ष हे म्हणत राहिले, पोरगं कामात असेल. दुसऱ्या वर्षी म्हणायचं थांबले. आणि मग एक दिवस नमाजावरून आले आणि म्हणाले, मॉस्को बघायला जाऊ या. 'बघायला' म्हणाले. मीही 'शोधायला' म्हटलं नाही. नवरा-बायकोत असं चालतं पोरी, दोघांनाही ठाऊक असतं आणि दोघंही राजवाड्याची तिकिटं काढतात. पोरगं हरवलं म्हटलं की लोक शंभर प्रश्न विचारतात — का गेलं, काय भांडण झालं, कोणाचं चुकलं. सहलीला कोणी 'का' विचारत नाही.

तर मॉस्को. सकाळी दोन तास घुमट, म्युझियम, फोटो — परत आल्यावर दाखवायला काहीतरी हवं — आणि मग उरलेला दिवस बाजार, इमारती बांधतात तिथली फाटकं, आपली पोरं जिथे जेवतात ती खानावळ. हातात फोटो धरून. बघितलंय का याला, कोकंदचा आहे, सुतार आहे, कानामागे पेन्सिल असते. सगळ्यांच्या कानामागे पेन्सिल असते गं. आणि ते तिथलं भुयारी स्टेशन, त्याचा सरकता जिना म्हणजे विहिरीत सोडल्यासारखं वाटतं, तिथे मी मागे राहिले आणि हे खाली जाऊन सवयीनं ओरडले — एल्योर, इकडे. तर शेजारच्या जिन्यानं वर जाणाऱ्या एका पोरानं मान वळवली. आपलाच होता कुठला तरी, अंदिजानचा असेल, डोळे झोपेनं भरलेले. तोही एल्योर. त्यानं यांच्याकडे बघितलं, यांनी त्याच्याकडे, तो वर गेला, हे खाली. झालं. पण त्या दिवसापासून यांचं ओरडणं वाढलं. मी अगदी कोपराला कोपर लावून उभी आणि हे — एल्योर. चौकात एल्योर, पुलावर एल्योर. मी म्हणते, अहो इथेच आहे मी, बहिरी नाही झाले. हे म्हणतात, हो हो. आणि पुन्हा. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. हे मला हाक मारतच नाहीत. बघ, पोराचं नाव घेत गर्दीत बोंबलत फिरणारा बाप म्हणजे वेडा. पण बायकोला हाक मारणारा म्हातारा — त्याला कोण काय म्हणणार? प्रवासी आहे बिचारा, चुकामूक झाली असेल. माझ्या आडून पोराला हाका मारत होते ते, आणि दर वेळी मी मात्र 'आले' म्हणत होते. म्हणावंच लागतं. नाहीतर लोक बघतात.

पीटर्सबर्गला पुढच्या वर्षी. तिथे एका दारं बसवणाऱ्या माणसानं फोटो ओळखला. म्हणाला, हा? हा माझ्याबरोबर होता दोन महिने, पुढे कझानला गेला. यांचा चेहरा असा — लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तसा बघितला नव्हता. नकाशा काढला, तिथेच रस्त्यावर, भर पावसात, कझानवर बोट ठेवलं. 'पुढच्या वर्षी कझान.' हो म्हटलं मी. — आणि गेलो सोलला.

का म्हणजे? कझानला काय आहे बघायला? म्हणजे असेल, नदी आहे, किल्ला आहे म्हणे, पण सोल — आपली सगळी पोरं तिकडेच चालली आहेत, सोदिकाचा भाचा तिकडे, पाटाच्या पलीकडच्या घरातले दोघं तिकडे, मी म्हटलं, कझानला जाऊन कोण थांबतं, दोन महिने थांबला असेल आणि कोरियाला गेला असेल, पगार तिकडे. रोज थोडं थोडं म्हटलं. वर्षभर. पाणी दगड झिजवतं ते असंच. शेवटी हे म्हणाले, तूही म्हणतेस तर. खरं सांगू का तुला — सोलला मी मजेत होते. तेवढी एकच सहल मी केली. तिथे जुन्या राजवाड्याबाहेर भाड्यानं रेशमी कपडे मिळतात, ते घालून पोरी फिरतात, मी पण घातले, तो फोटो अल्बममध्ये नाही, मी वेगळा ठेवलाय, त्यात मी समोर बघतेय. नदीत बोटीनं फिरलो. कोबीचं तिखट लोणचं खाल्लं, यांना ठसका लागला, शेजारच्या टेबलावरच्या आजीनं उठून यांच्या पाठीत थोपटलं. जिन्यावर यांनी माझा हात धरला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत. जिना उभा होता म्हणून, पण खाली उतरल्यावरही थोडा वेळ धरून ठेवला. आणि मधूनच हे मान वर करून ओरडायचे — एल्योर — आणि आपली शिकायला गेलेली पोरं वळायची, एकदा तर दोघं एकदम वळले, आणि मला माहीत होतं गं, की तो इथे नाही. हे घसा फोडून घेत होते आणि मी त्या बाजूला उभी राहून आइस्क्रीम खात होते. काय म्हणावं मला?

तुझ्या लक्षात आलं. येणारच. तुझ्या सासूला नसतं आलं. मला कसं माहीत, हेच ना?

दे तो जर्दाळू इकडे, तू पिळतेयस, असा पिळायचा नाही, अंगठ्यानं उकलायचा, बी आपोआप सुटते. — तो शेवटचा फोन आला तेव्हा हे चहाखान्यात होते. त्यानं सांगितलं, आई, एक बाई आहे, अल्सू नावाची, कझानची. नवरा नाही तिला, एक लहान मुलगी आहे. मी लग्न करणार आहे तिच्याशी. बाबांना तू सांग, मला धीर होत नाही. — बाबांना तू सांग. किती सोपं, नाही? आणि इथे मी त्याच्यासाठी मुलगी ठरवून ठेवलेली, चांगल्या घरातली, सोयरीक पक्की करायचा नान मोडून झालेला, मोठी माणसं हात वर करून दुवा मागून गेलेली. मोडलेला नान परत जोडतात का? माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती माणसं. पोरगं दिसलंच नाही मला. मी म्हणाले — शब्द न् शब्द आठवतो मला, आठ वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही — 'तिला घेऊन आलास तर या दारातून आत येऊ नकोस. आजपासून या घरात तुझं नाव निघणार नाही.' मी फोन ठेवला. आणि ठेवते न ठेवते तोच हे दारातून आत आले आणि म्हणाले, 'एल्योर, दार का उघडं टाकलंयस?'

हस. मीही हसले असते. या घरात त्याचं नाव निघणार नाही म्हणाले, आणि दिवसातून तीस वेळा निघत होतं, मलाच हाक मारताना. मी 'ओ' देत होते. भात झाला का एल्योर, माझी टोपी कुठे एल्योर. मीठ चोळणं म्हणतात ना, ते यांना न कळता रोज चालू होतं. यांना सांगितलं नाही. कसं सांगणार? पहिल्या दिवशी नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी का नाही सांगितलं, हे पण सांगावं लागलं असतं. असं करत आठ वर्षं. तो पुन्हा करील फोन, रागावलाय, होईल शांत, असं वाटलं होतं. पण त्याच आठवड्यात माझा फोन पाटाच्या पाण्यात पडला आणि नंबरही गेला — पडला म्हणजे — मी पाटावर कपडे धूत होते, तो वाजला, त्याचंच नाव दिसत होतं, आणि मी — असो. पाणी वाहतं होतं. तुझा चहा गार झाला, ओत तो झाडाला, दुसरा घे.

सोलनंतर हे म्हणाले, आता कझान. आता ऐकणार नाही. मी म्हटलं, तिथे फार थंडी असते हो, या वयात छातीत भरेल, आधी इस्तंबूल करू, ऊब आहे, मशिदी आहेत, पुण्य लागेल, आपली माणसंही तिकडे पुष्कळ. मी निवडलं ते शहर. कझान टाळायला. आणि तो तिथेच होता. खुदाचा विनोद बघ, कझान सोडून कधीच इस्तंबूलला आला होता तो, अख्ख्या पृथ्वीवर मी जिथे बोट ठेवलं तिथे.

चौथा दिवस आमचा. राजवाडा झाला होता, बाजार झाला होता, माझे पाय गेले होते. संध्याकाळची वेळ, फेरीबोटीच्या धक्क्यावर माणसं मुंग्यांसारखी. तिथे ती तीळ लावलेली पावाची कडक कडी विकतात, लोक ती मोडून पक्ष्यांना फेकतात, मी बघतच राहिले — आपण नानचा तुकडा पायाखाली येऊ देत नाही — आणि हे सवयीनं ओरडले, एल्योर. फार मोठ्यानं पण नाही. दमले होते तेही. तर फाटकापाशी एक माणूस वळला. खांद्यावर एक दोन वर्षांची पोर, बाजूला एक बाई, तिच्या हाताशी मोठी मुलगी, वेणी घातलेली. त्यानं आधी बाबांना बघितलं. आणि हसला गं. हे शाळेतून घरी यायचे ना, सायकलची घंटी वाजली की तो दारात यायचा, तेव्हा तोंडभर हसायचा — तसाच. बत्तीस वर्षांचा बाप्या, तसाच. हात अर्धा वर आला. आणि मग बाबांच्या शेजारी कोण आहे ते त्याला दिसलं.

हात खाली गेला. पोरीला खांद्यावरून उतरवून छातीशी धरलं त्यानं. चिडला असता तर बरं झालं असतं, मला सहन झालं असतं. घाबरला. मला बघून घाबरला माझा मुलगा. त्या बाईला काहीतरी म्हणाला आणि चौघंही फाटकातून आत गेली, फाटक लागलं. हे धावले, पण त्या फाटकाला तिकिटाचं कार्ड लागतं, यांना खिशात सापडेना, सापडलं तोवर बोट सुटली. कठड्याला धरून उभे राहिले, बोट पार मध्यावर जाईपर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, 'मला बघून तो हसला होता.' एवढंच. पुढचं वाक्य बोललेच नाहीत. ते मला ऐकू आलं. मग कठडा सोडला आणि म्हणाले, 'चल, इनोयत' — आणि मी मागे वळून बघितलं, कोणाला बोलावतात म्हणून.

ते हे. तुला गोड वाटलं ते हे. आठ महिने झाले, यांनी मला एकदाही एल्योर म्हटलेलं नाही. रागानं नाही, आवाज चढवत नाहीत, ताटात काय वाढलंय ते विचारत नाहीत, खातात. इनोयत, दार लाव. इनोयत, ऊन आलं. आईनं ठेवलेलं नाव आहे, वाईट नाही, पण चौतीस वर्षांपूर्वीच्या कोण्या मुलीचं आहे ते, तिची माझी ओळख राहिलेली नाही. आणि बघ, माझं म्हणणं खरं झालं शेवटी. आता या घरात त्याचं नाव निघत नाही.

हो, एकच तिकीट. गुरुवारचं. महिनाभर राहणार आहेत, रोज संध्याकाळी त्या धक्क्यावर उभे राहणार. मी कुठे विचारलं मला नेता का? मी विचारण्याआधी हेच म्हणाले, तुझे गुडघे दुखतात, तू राहा. माझे गुडघे दुखत नाहीत, नफोसत. माझे गुडघे चार शहरं चढून उतरून आलेत. पण कारण काढून दिलं त्यांनी मला, गल्लीत सांगायला. उपकारच केले. यांनी एकदाही विचारलेलं नाही गं, की तू काय म्हणाली होतीस त्याला. मी आठ महिने वाट बघतेय, आज विचारतील, उद्या विचारतील, विचारलं की सांगून टाकीन. ते विचारत नाहीत. मास्तर ना — पोरगं आपणहून हात वर करील म्हणून थांबलेत.

काय म्हणालीस, यांना सांगून टाका? तुझ्या तोंडून ऐकायचं होतं का मला ते? सांगा म्हणतेस. तुझं वय किती — बावीस. बावीसला सगळं सांगता येतं. मी न सांगता ते गेले, तर काय होईल ऐक. तो भेटेल, यावेळी नक्की भेटेल, मी नसेन ना. बसतील कुठेतरी, चहा मागवतील, त्या पोरी यांच्या मांडीवर चढतील. आणि मग कधीतरी तो विचारील, आई काय म्हणते? विचारील तो, मी ओळखते त्याला. आणि यांच्याजवळ सांगायला काही नसेल. 'गुडघे दुखतात' एवढंच असेल. आणि सांगितलं तर — फोनचं एक वेळ सोडतील. रागात बोलली, आई होती, मोडलेला नान होता, सोडतील. पण मग कझान सांगावं लागेल. सोलला मला ठाऊक होतं, हे सांगावं लागेल. यांनी घसा फोडला आणि मी आइस्क्रीम खाल्लं, यांनी माझा हात धरला आणि मी धरू दिला. ते कसं सोडतील? मीच सोडलेलं नाही. हॉटेलच्या प्रत्येक खोलीत मी तोंड उघडलंय आणि 'उद्या कुठे जायचं' एवढंच विचारलंय. दमले गं मी. चालून नाही दमले.

आज पहिल्यांदा हे सगळं तोंडाबाहेर पडलं, आणि तेही तुझ्यापुढे, तीन महिन्यांच्या शेजारणीपुढे, जर्दाळू उकलताना. चौतीस वर्षांच्या माणसाला सोडून. — थांब. कडी वाजली का? फाटकाचीच. आले. नाही, तू डोळे पूस आधी, तुला काय झालं रडायला. यादी घे तुझी. फेरीबोट राहू दे यादीत, खरंच बसा, छान असतं.

अहो, मिळालं का? गुरुवारचंच ना. बरं झालं. ठेवा ते कोनाड्यात. टोपी काढा, ऊन किती आहे. नाही, चहा टाकते मग, आधी इथे बसा. इथे, चटई सरकवते. अहो बसा ना, ते उभ्यानं ऐकण्यासारखं नाही. — नफोसत, तू जा पोरी. जाताना दार ओढून घे.